कामुरीची फुलाबाई

हिंगणवाडीच्या तळ्यात त्या साली पाण्याचा टिपूस नव्हता. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला आणि त्र्याहत्तरच्या मार्चापर्यंत तळ्याचा तळ असा तडकला, की भेगेत हात घालावा तर कोपरापर्यंत आत जावा. अख्खं गाव तळ्याच्या कडेला दुष्काळी कामावर होतं. बाया खडी फोडत, गडी माती वाहत, आणि त्यांच्यावर मुकादम म्हणून गहिनीनाथ पठाडे डावा पाय जरा ओढत फिरत असे.

गहिनीनाथला सगळा कर्जत तालुका ‘इमानवाले नाना’ म्हणून ओळखायचा. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा शिकायला पुण्याला गेला, तिथं एन.सी.सी.च्या हवाई शाखेत शिरला आणि विमान चालवायला शिकूनच बाहेर पडला. लायसन हातात आल्यावर कळलं, की देशात पायलट फार आणि विमानं थोडी. बऱ्याच चपला झिजवल्यावर एका ओळखीच्याच्या शब्दावर त्याला नोकरी लागली ती पार गयानात.

गयाना म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या वरच्या अंगाला समुद्राला चिकटून असलेला देश. फार पूर्वी आपल्याकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून नेलेल्या लोकांची नातवंडं-पणतवंडं तिथं आहेत. किनाऱ्यानं ऊस आणि भात, आणि आत नुसतं जंगल. रस्ता नाही, रूळ नाही. नद्या आहेत, तर त्यांना जागोजाग धबधबे. त्यामुळं आतल्या वस्त्यांना जे काही जाईल ते एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून. गहिनीनाथनं तिथं मीठ नेलं, रॉकेल नेलं, शाळेच्या पाट्या नेल्या, कोंबड्यांची खुराडी नेली, अडलेल्या बाळंतिणी शहराच्या दवाखान्यात आणल्या. पाच-सहा वर्षं हे केलं आणि मग एके दिवशी विमान पडलं. पाय मोडला तो जोडला गेला, पण आखूड झाला. डॉक्टरांनी लायसनवर काट मारली. तो हिंगणवाडीला परत आला, लग्न केलं, वडिलांच्या माघारी शेत बघू लागला.

दुपारी भाकरी खायला बसलं की बाया त्याच्याकडून रानातल्या देशाच्या गोष्टी काढून घेत. त्याचा तिथला मिस्त्री रामदीन अजून चार-सहा महिन्यांनी हवाई पत्र टाकायचा, त्यामुळं गोष्टींना ताज्या बातम्यांची जोडही असे.

‘‘नाना, काल पत्र आलं म्हनं,’’ रतनबाई म्हणाली. रतनबाई ही बायांच्या टोळीची म्होरकी. हातोडा आणि जीभ दोन्ही सारखीच चालायची. ‘‘काय म्हनतुय तुमचा रामदीन?’’

‘‘दोन इंजिनांचं नवं इमान घेतलंय म्हने त्यांनी. आन् एका वस्तीवर उतरताना समोर डुक्कर आलं. इमान वाचलं, डुक्कर बी वाचलं, पर पायलट म्हनं दोन दिस धड बोलत नव्हता.’’

सगळ्या हसल्या. एकटी आक्काबाई उठली, रेशनच्या मिलो ज्वारीची अर्धी राहिलेली लाल भाकरी फडक्यात बांधली आणि बाभळीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

आक्काबाई म्हणजे गहिनीनाथची आई. त्या देशाचं नाव निघालं की ती अशीच उठून जायची. विमान पडलं तेव्हा तिला इकडं तार आली होती, ‘विमान बेपत्ता’ एवढीच. त्यानंतर महिनाभर काही नाही. भावकीनं सांगून पाहिलं, की आता जे करायचं ते करून घ्यावं. तिनं कुणाचंच ऐकलं नाही आणि कुणाशी ती बोललीही नाही. दुसरी तार आली, पोरगा जिता आहे म्हणून, तेव्हा ती उंबऱ्यात बसली ती दिवस मावळेपर्यंत उठली नाही. त्या दिवसापासून तिनं विमानाचा विषय घरात बंद केला. गहिनीनाथ परत आल्यावर तो तिथं कसा जगला, हेही तिनं कधी विचारलं नाही. तोही तिच्यासमोर त्याबद्दल बोलायचं टाळी.

त्याच दुपारी कामाला पुन्हा हात लागतोय, तोच गहिनीनाथ थबकला. त्यानं मान वाकडी केली. बाकीच्यांना काही ऐकू यायच्या आधी त्याला ते आलं होतं.

सकाळपासून धुळीनं आभाळ पिवळं झालं होतं. त्या धुळीतून एक छोटं विमान आलं, पार खाली, आणि तळ्याभोवती फिरायला लागलं. एक फेरी, दुसरी फेरी.

‘‘वाट चुकलंय,’’ गहिनीनाथ म्हणाला. ‘‘आन् हितंच उतरायचं बघतंय. रतनबाई, चुलीवर गोनपाट टाक! धूर कर!’’

‘‘धूर कशापायी?’’

‘‘वारं कुनीकडनं हाय ते त्याला कळाया नगं का? टाक लवकर!’’

चहाच्या चुलीवर गोणपाट पडलं. काळा धूर वाऱ्यानं पूर्वेला लवंडला. गहिनीनाथ खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढून तळ्याच्या दक्षिण कडेला पळाला. तिथं तळ मुरमाड होता, भेगा कमी होत्या. आखूड पायानं पळताना तो दोनदा पडला. पण मुरमाच्या पट्टीवर उभं राहून त्यानं टॉवेल अशा काही हिसक्यानं फिरवला, की विमानानं पंख किंचित हलवला. पूर्वेकडून आत येऊन ते वाऱ्याच्या तोंडावर खाली उतरलं, उसळलं, पुन्हा टेकलं, धुरळ्यात दिसेनासं झालं, आणि पट्टी संपून भेगा सुरू होतात तिथं एक चाक रुतवून उभं राहिलं.

धुरळा बसला तसा सगळा गाव पळत सुटला. दार उघडून खाली उतरली ती विशी-बाविशीची मुलगी, केसांची एक वेणी, अंगात पँट आणि बुशशर्ट.

‘‘आगं बया,’’ रतनबाई म्हणाली, ‘‘पोरगी हाय की!’’

‘‘मी कुठं आलेय?’’ मुलीनं विचारलं.

‘‘हिंगणवाडी. तालुका कर्जत,’’ गहिनीनाथ म्हणाला. ‘‘सोलापूरला निघाला होतात ना? रेल्वेचा रूळ धरून?’’

तिनं चमकून पाहिलं. ‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘पुण्याहून आम्हीही तसेच जायचो. धुळीत रूळ दिसेनासा झाला असेल. तो तिकडं दक्षिणेला राहिला. वाऱ्यानं तुम्हाला उत्तरेला ढकललं.’’

‘‘पेट्रोल संपत आलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘इतकी माणसं एका ठिकाणी दिसली म्हणून म्हटलं, काही झालंच तर इथं कुणी तरी धावून येईल.’’ आणि मग एवढ्या माणसांदेखत तिला रडू आलं. रतनबाईनं पुढं होऊन तिला पोटाशी धरलं.

तिचं नाव विजयमाला. पुण्याच्या फ्लाइंग क्लबात शिकत होती आणि एकटीनं लांबचा पल्ला मारायची तिची ही पहिलीच वेळ होती. सरपंचांनी फटफटीवरून कर्जत गाठलं आणि पुण्याला ट्रंककॉल लावला. क्लबाचे शिक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घेऊन येतो म्हणाले. विमानाशी दोन गडी राखणीला बसले आणि विजयमाला मुक्कामाला पठाड्यांच्या घरी आली.

दिवस मावळायच्या सुमाराला ओसरीवर जेवणं झाली. आक्काबाईनं पिठलं केलं होतं. गहिनीनाथची बायको चांगुणा पोरीला आग्रह करकरून वाढत होती. पाणी पिऊन झाल्यावर विजयमालानं तो प्रश्न विचारला, जो या घरात कुणी विचारत नसे.

‘‘नाना, तुमचं विमान पडलं तेव्हा काय झालं?’’

गहिनीनाथनं आत पाहिलं. आक्काबाई चुलीपुढं पाठमोरी बसली होती. ती उठून परसात जाईल म्हणून तो थांबला. ती उठली नाही. विस्तव सारखा करत बसून राहिली.

मग त्यानं सांगितलं.

‘‘पावसाळ्याचे दिवस होते. डोंगरापलीकडच्या वस्तीला मीठ टाकून परत येत होतो. ढगात शिरलो आणि इंजिन खोकायला लागलं. खाली झाडांशिवाय काही नाही. दोन झाडांच्या मधे गवताचा एक तुकडा दिसला, तिथं नेऊन टेकवलं. टेकवलं कसलं, आपटलं. शुद्धीवर आलो तेव्हा पाऊस पडत होता आणि पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला होता. रात्र तशीच काढली. वाटलं, संपलं.

‘‘सकाळी दोन माणसं आली, शिकारीला निघालेली. तिथले मूळचे लोक. विमान पडल्याचा आवाज त्यांनी आदल्या दिवशी ऐकला होता आणि तेव्हापासून ते शोधत होते. त्यांनी मला झोळीत घातलं, झोळी काठीला बांधली आणि चालत राहिले. चढ, ओढे, चिखल. कामुरी नावाची त्यांची वस्ती होती. तिथं एक म्हातारी होती, फिलोमिना. सगळी वस्ती तिच्या शब्दात. तिनं माझ्या पायाकडं पाहिलं, चार माणसांना मला धरायला सांगितलं आणि हाड ओढून जाग्यावर आणलं. माझाच खाकी शर्ट फाडून झाडाची साल पायाला बांधली. तिला इंग्रजीचा एकच शब्द येत होता. ‘ईट’. म्हणजे खा. सकाळ-संध्याकाळ समोर बसायची आणि म्हणायची, ‘ईट’. मी तोंड फिरवलं तर हनुवटी धरून पुन्हा सरळ करायची.’’

‘‘खायला काय असायचं?’’ चांगुणानं विचारलं. ही गोष्ट तिनंही तुकड्या-तुकड्यांनीच ऐकली होती.

‘‘आपला साबुदाणा ज्या कंदाचा करतात ना, तोच कंद. तिकडं तो विषारी निघतो. किसायचा, पिळून विष काढून टाकायचं आणि त्याची भाकरी थापायची. चांगली सुपाएवढी असते. मग ती छपरावर वाळत टाकतात. सगळ्या वस्तीची छपरं पांढरीफेक दिसायची.’’

त्या भाकरीचीच पुढं खरी गोष्ट होती. शोधायला निघालेली विमानं एक-दोनदा वरून गेली, पण खाली झाडांच्या गर्दीत वस्ती कुठं दिसणार? फिलोमिना विमानाकडं पाहायची, मग गहिनीनाथकडं पाहायची. एके सकाळी पाऊस उघडला तशी तिनं सगळ्या वस्तीला हाक दिली. छपरांवरच्या भाकरी उतरल्या. घराघरांतल्या साठवणीच्या निघाल्या. वस्तीबाहेर गवताचा मोठा माळ होता. तिथं त्या हिरव्या गवतावर त्यांनी भाकरींच्या लांबच लांब ओळी मांडल्या. दुपारी विमान आलं. त्यात रामदीन मिस्त्री खिडकीशी बसला होता. त्याला खाली पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. तो पायलटला म्हणाला, फिरव, हे झाडाचं काम नाही, माणसाचं आहे.

‘‘संध्याकाळी पाऊस आला,’’ गहिनीनाथ म्हणाला. ‘‘सगळ्या भाकरींचा लगदा झाला. पुढचे कित्येक दिवस ती माणसं मासे आणि रानातलं काहीबाही खाऊन राहिली. मला मात्र रोज भाकरी असायची. फिलोमिना ती कुठून आणायची, तिचं तिला ठाऊक.’’

आत चुलीपुढची हालचाल थांबली होती.

‘‘पण विमान उतरणार कुठं? पायलटनं दुधाच्या डब्यात चिठ्ठी टाकली, की अमुक एवढी लांब, सपाट, घट्ट जमीन करा. वस्तीवर ना फावडं, ना रोलर. त्यांनी गवत कापलं, वारुळं फोडली. आणि मग सगळी माणसं, बाया, म्हातारे, पोटुशा पोरी, खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभी राहिली आणि पायांनी जमीन तुडवायला लागली. गाणं म्हणत. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. पाऊस येई, चिखल होई, ऊन पडलं की पुन्हा तुडवत. मी झोळीत पडून बघत होतो. कोण मी त्यांचा? माझी भाषासुद्धा त्यांना येत नव्हती. मग एक दिवस विमान आलं, उतरलं आणि मला घेऊन गेलं.’’

मग आतून आक्काबाईचा आवाज आला, ‘‘काय नाव म्हनलास त्या म्हातारीचं?’’

गहिनीनाथ सावरून बसला. ‘‘फिलोमिना, आई.’’

‘‘फिलू... फुला?’’

‘‘फुलाबाई म्हण.’’

‘‘फुलाबाई,’’ आक्काबाई म्हणाली. तेवढंच म्हणून तिनं राख ओढली आणि भांडी घेऊन परसात गेली.

सकाळी जीप आली. विजयमालाचे शिक्षक राधाकृष्ण वैशंपायन हे चांगले जाडजूड, मोकळ्या स्वभावाचे गृहस्थ होते. सोबत मिस्त्री आणि पेट्रोलचे डबे. विमान धड आहे हे पाहून त्यांनी आधी विजयमालाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग तिला यथेच्छ झापलं. गहिनीनाथशी मात्र दोन वाक्यांत त्यांचं जमलं. दोघं मिळून तळ्यातून चालत गेले.

‘‘उतरायला पुरली, पण उडायला ही पट्टी अपुरी आहे,’’ वैशंपायन म्हणाले. ‘‘पंख काढून ट्रकवर घालून न्यावं लागणार.’’

‘‘भेगा बुजवल्या तर?’’ गहिनीनाथनं जुन्या विहिरीकडं बोट केलं. ‘‘तिथपर्यंत मुरूम टाकून दाबला तर हे विमान आरामात उठेल.’’

‘‘दाबायचा कशानं? रोलर आहे?’’

रोलर कर्जतला होता, तोही नादुरुस्त. शिवाय कामावरचे कारकून दत्तोपंत हे पापभीरू गृहस्थ. ते हात चोळत म्हणाले, ‘‘गहिनीनाथराव, लोकांना तिकडं लावलंत तर मी हे मस्टरवर कोणतं काम म्हणून दाखवू? विमान उडवणे?’’

‘‘दाखवू नगासा,’’ रतनबाई म्हणाली. ‘‘आमी दुपारच्या सुट्टीत करतो. सुट्टीत आमी काय बी करू.’’

दत्तोपंतांनी क्षणभर विचार केला. मग छत्री मिटली, चपला काढल्या आणि म्हणाले, ‘‘सुट्टी तर मलाही असते.’’

दुपार झाली. गड्यांनी पाट्या भरभरून मुरूम ओतला, भेगा बुजल्या, दगड वेचले गेले. आता दाबायचा. गहिनीनाथ काय सांगावं, कसं सांगावं याच्या विचारात होता. मागं वळून पाहतो, तर आक्काबाई पट्टीच्या टोकाला उभी. तिनं लुगड्याचा काष्टा खोचला होता. ती कुणाकडं न बघता मुरमावर पाय आपटायला लागली. एक पाय, दुसरा पाय.

‘‘आक्का, ह्ये काय चाललंय?’’ रतनबाईनं विचारलं.

‘‘तुडवतीया. तिकडं आसंच करत्यात,’’ आक्काबाई म्हणाली. ‘‘ये, हुबी ऱ्हा शेजारी.’’

रतनबाई शेजारी उभी राहिली. मग तिची टोळी. मग बाकीच्या बाया, गडी, एका टोकाला धोतर आवरून दत्तोपंत. खांद्याला खांदा लागला. रतनबाईनं जात्यावरची ओवी काढली, तिच्या ठेक्यावर पावलं पडायला लागली आणि ती ओळ विहिरीच्या दिशेनं सरकू लागली. तळपायाला मुरूम पोळत होता. विजयमालानं बूट काढले आणि तीही ओळीत घुसली.

गहिनीनाथला पुढं बघवेना. तो विमानामागं गेला आणि शेपटीला हात टेकून उभा राहिला. वैशंपायन तिकडं यायला निघाले होते. त्याची पाठ पाहून ते अर्ध्यातूनच परत फिरले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीत हेच चाललं. तिसऱ्या सकाळी, वारं उठायच्या आत, विमान पट्टीच्या टोकाला आणून उभं केलं.

‘‘मी नेतो,’’ वैशंपायन म्हणाले. मग त्यांनी पट्टीकडं पाहिलं, स्वतःच्या पोटाकडं पाहिलं आणि विजयमालाकडं वळले. ‘‘नाही. वजन जितकं कमी तितकं बरं. तू माझ्या निम्मी आहेस. नेशील?’’

तिचा चेहरा उतरला. ती गहिनीनाथकडं बघायला लागली.

‘‘मला भीती वाटतेय, नाना.’’

‘‘वाटू दे,’’ गहिनीनाथ म्हणाला. ‘‘मला रोज वाटायची. विहिरीकडं बघू नका. पलीकडच्या त्या लिंबाच्या शेंड्याकडं बघा. आणि जमीन घट्ट आहे. ती कुणी तुडवलीय, माहीत आहे ना तुम्हाला?’’

विमान सुरू करायला समोरचा पंखा हातानं फिरवावा लागे. मिस्त्री पुढं झाला, तर वैशंपायनांनी त्याला थांबवलं आणि गहिनीनाथला खूण केली. तो पुढं गेला. थंडगार पात्याला हात लागला आणि त्याला वाटलं, आपण हे कालच केलं होतं. त्यानं हाताला झोका दिला, बाजूला झाला. इंजिन फुर्रकन सुरू झालं.

विमान पळालं. मुरमावरून पळालं, बुजवलेल्या भेगांवरून पळालं, विहीर जवळ आली तशी बायांनी तोंडावर पदर धरले, आणि मग चाकांखाली उजेड दिसला. ते लिंबाच्या वरून गेलं, वळलं, एकदा डोक्यावरून पंख हलवत फिरलं आणि पश्चिमेला लागलं. दिसेनासं होईपर्यंत कुणी हललं नाही.

‘‘गेली बाई सुखरूप,’’ आक्काबाई म्हणाली. मग मुलाच्या बाजूला येऊन तिनं विचारलं, ‘‘गैनी, त्या फुलाबाईला तू काय धाडलंस का रं कदी?’’

‘‘काय धाडणार, आई? तिथं पोस्ट न्हाई.’’

‘‘इमान जातंय का न्हाई तिथं?’’

‘‘जातं. तिनंच केलेल्या पट्टीवर उतरतं.’’

‘‘मग?’’ आक्काबाई म्हणाली.

तिनं त्याच आठवड्यात गोधडी टाकली. चांगुणा होती, रतनबाई होती, दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली चार-चार सुया चालायच्या. कुणी जुनं लुगडं आणलं, कुणी नवऱ्याचा फेटा. उन्हाळ्याच्या अखेरीस विजयमाला आईवडिलांना घेऊन एस.टी.नं आली, बायांसाठी आंब्याच्या पेट्या घेऊन. परत जाताना गोधडीचं गाठोडं ती घेऊन गेली. तिच्या वडिलांनी ते मुंबईहून बोटीनं रामदीनच्या पत्त्यावर पाठवलं. सोबत गहिनीनाथनं चार ओळी लिहिल्या होत्या, की ही माझ्या आईकडून फिलोमिनासाठी आहे.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. तळं भरलं, मुरमाची पट्टी पाण्याखाली गेली. दिवाळी झाली, बाजरी घरात आली, आणि एका दुपारी पोस्टमननं निळं हवाई पत्र आणून दिलं. ओसरीवर आक्काबाई तूर निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

‘‘वाच.’’

गहिनीनाथनं वाचत-वाचत तिच्यासाठी मराठीत सांगायला सुरुवात केली. रामदीन नेहमीप्रमाणं विमानांपासून सुरू झाला होता. नव्या विमानाचं एक इंजिन सारखं तेल पितं. डुकराला भ्यालेला पायलट आता चांगला तयार झालाय. कामुरीची पट्टी सरकारनं लांब केली, आता तिथं दर आठवड्याला विमान उतरतं आणि एक नर्स राहते.

‘‘त्ये ऱ्हाऊ दे. फुलाबाई?’’

‘‘आलं, आलं. तो म्हणतो, गोधडी घेऊन मी स्वतः विमानातून गेलो. म्हातारी थकलीय, पण कुणाचं ऐकत न्हाई. शाळेच्या मास्तरनं तिला सांगितलं, की लंगड्या पायलटच्या आईनं पाठवलीय. तिनं ती माळावर अंथरायला लावली. सगळी वस्ती गोळा झाली. मग ती खाली बसली आणि एकेका तुकड्यावरनं हात फिरवायला लागली. मधोमध एक खाकी तुकडा होता. त्यावर बोट ठेवलं आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की...’’

गहिनीनाथ थांबला. ‘‘आई, खाकी तुकडा कुठला?’’

आक्काबाईनं तुरीतला एक खडा काढून बाहेर टाकला. ‘‘तुझा त्यो इमानातला शर्ट हुता ट्रंकेत. एक तिनं फाडला, पाय बांदाया. एक मी फाडला.’’

त्याच्यानं पुढं लवकर वाचवेना. चांगुणा आतून दाराशी येऊन उभी राहिली होती.

‘‘पुढं काय हाय?’’ आक्काबाई म्हणाली.

‘‘ती विचारते,’’ गहिनीनाथ म्हणाला, ‘‘की याच्या आईला किती लेकरं? तिच्याकडं पाऊस पडतो का? आणि हा नीट खातो का?’’

आक्काबाईनं पदरानं डोळे पुसले.

‘‘कोरं पत्र हाय का घरात?’’

‘‘हाय.’’

‘‘आन. बस हितं. लिही,’’ ती म्हणाली. ‘‘फुलाबाईस आक्काबाईचा रामराम. लिवलंस? मला तीन लेकरं झाली, जगला ह्यो येकलाच. आवंदा पाऊस झाला. बाजरी बरी आलीय. म्हस गाभन हाय. सूनबाईला पाचवा म्हैना लागलाय, समदं ठीक हाय.’’

‘‘आई, हळू.’’

‘‘ह्यो खातोय. पर कारलं खात न्हाई, त्ये बी लिही. रतनीच्या पोरीचं लगीन जमलंय. रतनी म्हंजी कोन, त्ये सांग तिला. तिनं बी टाकं घातल्यात गोधडीला. तुजा पाय दुकतो का म्हनावं थंडीत, माजं गुडघं लई दुकत्यात...’’

गहिनीनाथ लिहीत होता. निळ्या कागदाची शेवटची घडी भरली, कडेची पट्टीही भरली आणि त्यानं लेखणी उचलून तिला जागा संपल्याचं दाखवलं.

‘‘मग दुसरं आन की,’’ आक्काबाई म्हणाली. ‘‘आजून तर मी काय बोललीच न्हाई.’’